आणखी पिल्लं सोडून ओर्का वाचणार नाहीत : सिअ‍ॅटल परिसरातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

इसाक्वा, सॅमामिश, रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल आणि आसपासच्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इसाक्वाला ‘सॅमन डेज’ भरतात, तेव्हा हॅचरीजवळच्या, म्हणजे सॅमनच्या मत्स्यबीज केंद्राजवळच्या, पुलावर मराठी कानावर पडतंच. भारतातून आलेले आजी-आजोबा, कडेवरची मुलं आणि खाली ओढ्यात प्रवाहाविरुद्ध जोर लावणारे चिनूक जातीचे सॅमन. मीही जाते, पाहुण्यांना घेऊन जाते. तिथले स्वयंसेवक मुलांना सॅमनचं आयुष्य ज्या मायेने समजावून सांगतात, त्याला तोड नाही. त्या जागेविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. तिथून आपण जे समाधान घरी घेऊन येतो, त्याबद्दल मात्र म्हणायचं आहे. मासे दिसले, भरपूर दिसले, म्हणजे सॅमनचं बरं चाललंय असं आपण धरून चालतो. ऑलिंपियात राज्याच्या माशांविषयी धोरण ठरवणारा मत्स्य व वन्यजीव आयोगही गेली काही वर्षं बऱ्याच अंशी याच समजुतीवर चालला आहे: सॅमन खाणारे इथले ओर्का, म्हणजे किलर व्हेल, उपाशी आहेत, तर हॅचरीतून आणखी पिल्लं सोडा. आपण इथे कर भरतो, मुलं वाढवतो. त्या आयोगाला आपलं म्हणणं कळवायला हवं, म्हणून हे पत्र.

पुढच्या वेळी हॅचरीच्या काचेसमोर उभे राहाल तेव्हा मुलांना एक गोष्ट शोधायला सांगा. सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटासा मांसल पर असतो. तो कापलेला दिसला तर मासा हॅचरीत जन्मलेला. इसाक्वाच्या काचेत बहुतेक चिनूक असेच दिसतील. त्यांचं मूळही प्रामुख्याने या ओढ्यातलं नाही, ते ग्रीन नदीतलं. त्या एका नदीचं बीज गेल्या शतकात प्युजेट साउंड या आपल्या खाडीला मिळणाऱ्या कितीतरी नद्यांमध्ये वाटलं गेलं.

हॅचरीचं काम आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रासारखंच चालतं. मादीचं पोट चिरून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं, गार वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची, पिल्लांना गोळीखाद्य घालून सिमेंटच्या हौदात वाढवायचं आणि बोटुकली झाली की वसंतात ओढ्यात सोडायची. नदीत हजारो अंड्यांमागे मोजकीच पिल्लं समुद्राकडे निघतात, हॅचरीत मात्र बहुतेक सगळी जगतात. हा हिशेब इतका मोहक आहे की पॅसिफिक किनाऱ्यावर तो दीडशे वर्षं चालू आहे. १८७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर पहिलं केंद्र निघालं, १८९५ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कलामा नदीवर आपलं पहिलं केंद्र काढलं. पुढे नद्यांवर धरणं आली, खोऱ्यांतली जंगलं तुटली, आणि दर वेळी लोकांना एकच आश्वासन मिळालं की गेलेल्या माशांच्या जागी हॅचरीतले मासे येतील. डिसेंबरात दिव्यांची रोषणाई पाहायला आपण ज्या लेव्हनवर्थला जातो, तिथली मोठी हॅचरी याच आश्वासनातून उभी राहिली. ग्रँड कूली धरणात माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती, त्याची ती भरपाई. केटल फॉल्स पाण्याखाली जाणार म्हणून १९४० च्या जूनमध्ये तिथे कोलंबिया खोऱ्यातल्या मूळनिवासी जमाती जमल्या आणि त्यांनी आपल्या मासेमारीच्या जागेचा निरोप घेतला. त्या जमावाला ‘अश्रूंचा सोहळा’ म्हणतात. धरणाच्या वरच्या अंगाला सॅमन आपणहून आजही पोहोचू शकत नाही.

आता ओर्कांकडे वळते. आपल्या समुद्रात मुख्यतः दोन प्रकारचे ओर्का फिरतात. एक सील, सी लायन असे सस्तन प्राणी खाणारे, त्यांना बिग्ज म्हणतात. त्यांचं उत्तम चाललं आहे, संख्या वाढते आहे. दुसरे जे, के आणि एल या तीन कुळांचे ‘सदर्न रेसिडेंट’. ते मासेच खातात, आणि त्यातही चिनूक, कारण चिनूक सर्वांत मोठा आणि चरबीदार. एका प्रौढ ओर्काला दिवसाला साधारण १८ ते २५ मोठे सॅमन लागतात. १९९५ मध्ये हे ओर्का ९८ होते. २००५ मध्ये केंद्र सरकारने त्यांना संकटग्रस्त ठरवलं. आज ते पंचाहत्तरच्या आसपास आहेत. जे-३५ ही मादी २०१८ च्या उन्हाळ्यात आपलं मेलेलं पिल्लू डोक्यावर घेऊन १७ दिवस पोहत राहिली, ते चित्र आपल्यातल्या अनेकांच्या लक्षात असेल. २०२५ च्या सुरुवातीला तिच्यावर तीच वेळ पुन्हा आली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटीवर कुत्रा नेऊन, वासावरून ओर्कांची विष्ठा शोधून, तिच्यातल्या संप्रेरकांवरून गर्भधारणा तपासल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत फुकट जात होत्या, आणि त्यामागचं एक मोठं कारण पुरेसं अन्न न मिळणं हे होतं.

जे-३५ च्या त्या उन्हाळ्यात सगळं राज्य हळहळलं. गव्हर्नरांच्या कार्यदलाने अनेक शिफारशी केल्या. त्यातली सर्वांत चटकन उचलली गेली ती हॅचरीचं उत्पादन वाढवण्याची. आयोगाने २०१८ च्या पातळीपेक्षा सुमारे ५ कोटी जास्त पिल्लं सोडण्याचं उद्दिष्ट मान्य केलं, आणि त्याच वर्षी २००९ च्या हॅचरी सुधारणा धोरणातले काही भाग स्थगित केले. ओढ्यात येऊन अंडी घालणाऱ्या माशांमध्ये हॅचरीच्या माशांचं प्रमाण किती असावं, याला त्या धोरणाने मर्यादा घातल्या होत्या. उपाशी प्राण्याला अन्न द्यायचं या भावनेत काही चूक नाही. पण सोडलेली पिल्लं म्हणजे ओर्काचं अन्न नव्हे. ते पिल्लू तीन-चार वर्षं समुद्रात जगलं, मोठं झालं आणि ओर्का जिथे असतील तिथे, त्या वेळी पोहोचलं, तर ते अन्न होतं.

त्याआधी त्याला गाठणारे बरेच आहेत. हौदात वाढलेल्या पिल्लाला शत्रू माहीत नसतो. पाण्यावर सावली पडली की खाऊ येतो एवढंच ते शिकलेलं असतं, आणि ओढ्यातल्या बगळ्याची सावलीही तशीच पडते. शिवाय हॅचऱ्या लाखो पिल्लं वसंताच्या मोजक्या आठवड्यांत, साधारण एकाच आकाराची झाली की सोडतात. कोलंबियाच्या मुखाशी ईस्ट सँड बेटावर कॅस्पियन सुरय आणि पाणकावळ्यांच्या प्रचंड वसाहती वाढल्या, त्या याच वाहत्या अन्नावर. इकडे प्युजेट साउंडमध्ये १९७२ च्या कायद्याने सीलना संरक्षण मिळालं आणि त्यांची संख्या सावरली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण २०१७ च्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे, १९७० मध्ये सील आणि सी लायन इथले वर्षाला ६८ टन चिनूक खात होते, ते प्रमाण २०१५ पर्यंत ६२५ टनांवर गेलं. त्यातली पिल्लं पुढे मोठी झाली असती असं धरलं, तर ओर्कांच्या वाट्याच्या दुप्पट चिनूक हेच प्राणी खातात. म्हणजे आपण ओर्कांसाठी पिल्लं सोडतो, त्यातली कितीतरी सील खातात, आणि त्या सीलवर जगतात ते दुसरे ओर्का, ज्यांचं आधीच बरं चाललं आहे.

त्या घोळक्यात रानटी पिल्लंही असतात. नदीतच जन्मलेली, आकाराने बहुधा लहान, संख्येने थोडी. गर्दीमुळे ती शिकाऱ्याच्या नजरेतून सुटतात की गर्दीने ओढून आणलेल्या शिकाऱ्याच्या तोंडी पडतात? दोन्ही घडतं, नदी आणि हंगाम पाहून. म्हणूनच कुठे, केव्हा आणि किती पिल्लं सोडायची हा निर्णय नदीगणिक व्हायला हवा. राज्यभर एकच मोठा आकडा ठरवून तो होत नाही.

शिकाऱ्यांना मारून प्रश्न सुटेल असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं दुःख मला कळतं. बॅलर्डच्या लॉक्सपाशी, म्हणजे तलाव आणि समुद्र यांच्यामधल्या बोटींच्या दरवाजांपाशी, १९८० च्या दशकात सी लायन ठाण मांडून बसले आणि अरुंद वाटेतून चढणारे स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारे रेनबो ट्राउट, सॅमनचेच भाऊबंद) टिपत राहिले. १९९४ पर्यंत लेक वॉशिंग्टनचे परतणारे स्टीलहेड शंभराच्या आत आले. पण त्या ठिकाणी मासा कोंडला जात होता, कारण आपण १९१७ मध्ये तलावाची वाटच बदलून तिथे सिमेंटची अरुंद फट ठेवली. शिकारी कोंडीच्या जागी जमतो. लॉक्स असोत, कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणाचा पायथा असो की हॅचरीच्या खालचा ओढा, या सगळ्या कोंड्या माणसाने केलेल्या आहेत.

परत येऊन अंडी घालण्यापर्यंत जे हॅचरीचे मासे पोहोचतात, त्यांच्यापासून रानटी कुळाला होणारा धोका वेगळा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोकणात पहिल्या पावसात वलगणीचे मासे उसळत शेतापर्यंत चढतात, तसा सॅमन आपल्या जन्माच्या ओढ्यात चढतो. फरक इतकाच की त्याच्या बाबतीत प्रत्येक ओढ्याचं कूळ वेगळं असतं. कुणाला थंड पाण्याची सवय, कुणाला उशिरा येण्याची, कुणाला उंच धबधबा चढण्याची. हे शेकडो पिढ्यांत घडलेलं असतं. हौदात दुसरेच गुण उपयोगी पडतात: दाटीत राहणं, भराभर खाणं, लवकर वाढणं. ओरेगनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. हौदात वाढलेल्या दर पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती. पुढे २०१४ मध्ये सॅमनच्या चार जातींवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हॅचरीच्या माशांचं नदीतलं यश रानटी माशांच्या सरासरी निम्मं निघालं, आणि ज्या हॅचऱ्या तिथल्याच रानटी माशांचं बीज वापरतात त्याही यातून सुटल्या नाहीत. चिनूकमध्ये परिणाम स्टीलहेडइतका तीव्र सगळीकडे दिसत नाही, हेही सांगायला हवं. पण असे मासे दरवर्षी रानटी माशांबरोबर अंडी घालत राहिले तर काय होईल, हे कळायला शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

ओर्कांसाठी यातली सर्वांत जड बाब आकाराची आहे. चिनूक लहान होत चालले आहेत. चार-पाच वर्षं समुद्रात राहून येणारे मोठे मासे घटले, लहान वयात परतणारे वाढले. यामागे मासेमारी आहे, समुद्रातले बदल आहेत, मोठे मासे टिपणारे शिकारी आहेत आणि हॅचरीत भराभर वाढून लवकर वयात येणंही आहे. लहान माशांवर पोट भरायचं तर ओर्काला जास्त वेळा शिकार करावी लागते, आणि जहाजांच्या गोंगाटात प्रत्येक शिकार अवघड असते. शिवाय पूर्वी नद्यांचे हंगाम वेगवेगळे असल्याने चिनूक वर्षभर टप्प्याटप्प्याने येत. हॅचरीची संतती एका हंगामात गोळा होते, पण ओर्काला फेब्रुवारी-मार्चमध्येही खायला लागतं. त्या दिवसांत के आणि एल कुळं कोलंबियाच्या मुखाशी वसंतात येणाऱ्या चिनूकची वाट बघतात.

हे सगळं परक्या देशातलं आहे असं कुणाला वाटत असेल तर लोणावळ्याची गोष्ट सांगते. तिथल्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीरचं प्रजनन केंद्र सुरू केलं. आपल्या सह्याद्रीतल्या निळ्या परांच्या महसीरसाठी त्याने मोलाचं काम केलं. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून राखलेले महसीर पाहिलेल्या कुणालाही त्या कामामागची आस्था कळेल. पण त्या केंद्राची बोटुकली दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. कावेरीत तिथलाच एक कुबडा महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, महसीरांतला आकाराने सर्वांत मोठा. आज कावेरीत निळ्या परांचा महसीर भरपूर आहे आणि कुबडा महसीर नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याला ‘टोर रेमादेवी’ हे नेमकं शास्त्रीय नाव २०१८ मध्ये मिळालं. त्याच्या ऱ्हासाला धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी मासेमारीही जबाबदार आहेत. तरीही बाहेरून आणलेल्या माशाने नदी भरलेली दिसत होती, म्हणून तिचा स्वतःचा मासा संपत चाललाय हे कुणाच्या वेळेवर लक्षात आलं नाही. इसाक्वाच्या काचेसमोर मला हीच धास्ती वाटते.

मग हॅचऱ्या बंद करायच्या? नाही. इथे आपण, उशिरा आलेल्या लोकांनी, फार जपून बोलायला हवं. आपण राहतो ती जमीन १८५५ च्या पॉइंट एलियट करारात जमातींकडून घेतली गेली. त्या बदल्यात त्यांनी आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. शेजारच्या अशाच एका करारातला हक्क बजावला म्हणून निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनिअर यांना पुन्हा पुन्हा अटक झाली. शेवटी १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्मे जमातींचे, असा निकाल दिला. त्या निम्म्यात आज मोठा वाटा हॅचरीच्या माशांचा आहे, कारण रानटी मासे आपणच संपवले. जमातींच्या संमतीशिवाय एकही हॅचरी कमी करणं म्हणजे करार दुसऱ्यांदा मोडणं. आणि हॅचरीने जीव वाचवलेही आहेत. आयडाहोतल्या रेडफिश तळ्यात १९९२ मध्ये सॉकआय जातीचा एकच सॅमन परतला होता. तिथलं कूळ आज आहे ते माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या प्रजननामुळेच. आपल्या लेक सॅमामिशमधली छोटी तांबडी कोकॅनी (समुद्रात न जाता तळ्यातच राहणारी सॉकआय) तगून आहे, त्यातही अशा मदतीचा हात आहे. बुडणाऱ्याला बाहेर काढायला हॅचरी हवी. कायमचा पर्याय म्हणून तिच्याकडे बघायला लागलो की घात होतो.

एल्वा नदीकडे बघा. इथून फेरीने आणि गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, ऑलिंपिक नॅशनल पार्कला जाताना लागते. तिच्यावरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली. वरच्या भागात जवळपास शतकभर अडकलेले रेनबो ट्राउट होते. मूळचे ते स्टीलहेडच, पण समुद्राची वाट बंद झाल्याने नदीतच राहिलेले. वाट मोकळी झाल्यावर त्यांच्या संततीतून उन्हाळी स्टीलहेड पुन्हा समुद्रात जाऊन परत येऊ लागले. समुद्रात जाण्याचा तो गुण एवढी वर्षं त्यांच्या रक्तात टिकून होता. एल्वावरही हॅचरी आहे, तिच्यावरून वाद झाले आहेत, चिनूकला अजून तिचा आधार लागतो. पण नदीला वाट मिळाली की मासा काय करू शकतो, हे तिथे दिसतं. २०२३ मध्ये लोअर एल्वा क्लॅलम जमातीने अनेक वर्षांनी तिथे कोहो जातीच्या सॅमनची थोडी मासेमारीही केली.

आपल्या घरांचाही यात भाग आहे, तो सांगितल्याशिवाय आयोगाला सांगायचा अधिकार पोचत नाही. सॅमामिशच्या पठारावर आपण ज्या नव्या वसाहतींत राहतो, तिथलं पावसाचं पाणी पूर्वी जंगलात मुरायचं, आता रस्त्यावरून थेट ओढ्यात जातं. कोहो अंडी घालण्याआधीच का मरतात याचं उत्तर २०२० मध्ये मिळालं: टायरमधल्या एका रसायनापासून बनणारं ‘६-पीपीडी क्विनोन’. विजेच्या गाडीचे टायरही त्याच रबराचे. रस्त्याचं पाणी मातीतून गाळून सोडणारे चर हा यावरचा सोपा आणि परिणामकारक उपाय आहे. आपल्या वसाहतीच्या संघटनेत तो मांडता येतो.

आयोगाच्या बैठका जाहीर असतात. ऑनलाइन बोलता येतं, लेखी म्हणणं पाठवता येतं. माझी विनंती आहे की प्रत्येक घरातून एक पत्र जावं, आपापल्या शब्दांत. मी माझ्या पत्रात हे मागणार आहे. आधी सोडलेल्या जादा पिल्लांपैकी किती परत आली, कोणत्या महिन्यात, किती आकाराची, आणि किती रानटी माशांमध्ये जाऊन मिसळली, हे नदीवार प्रसिद्ध होईपर्यंत ५ कोटींच्या उद्दिष्टाकडे पुढचं पाऊल टाकू नये. अंडी घालणाऱ्या माशांमध्ये हॅचरीच्या माशांचं प्रमाण किती चालेल, याची मर्यादा प्रत्येक नदीसाठी आकड्यात लिहावी आणि ती ओलांडली तर काय करणार तेही लिहावं. पिल्लं सोडण्याच्या तारखा आणि आकार विखरावेत, म्हणजे शिकाऱ्यांची एकाच जागी जत्रा भरणार नाही. जिथे रानटी कूळ अजून धड आहे अशा काही नद्या जमातींशी बोलून हॅचरीमुक्त राखाव्यात. मॉन्टानाने १९७४ पासून ट्राउटच्या बाबतीत हे करून दाखवलं आहे: रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत बाहेरचे मासे सोडणं थांबवलं आणि रानटी मासे वाढले. आणि रस्त्याखालच्या अडलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्याचं काम, जे जमातींनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून २०१८ मध्ये राज्यावर बंधनकारक करून घेतलं, त्याच्या पैशाला कात्री लागू नये, अशी शिफारस आयोगाने विधिमंडळाकडे करावी.

इंग्रजी मसुदा लागला तर मंडळाच्या गटावर विचारा, मी पाठवते. पण जसाच्या तसा उतरवू नका. एकाच मजकुराची शंभर पत्रं एका पत्रासारखी वाचली जातात.

आपली,
सॅमामिशची एक शेजारीण